हातोडीआत्याचा बॉयलर

माझ्या आत्याला सगळी गल्ली हातोडीआत्या म्हणते. तोंडावर म्हणते, आणि तिलाही त्याचं काही वाटत नाही. माझ्या आजोबांचं पाणी तापवायच्या तांब्याच्या टाक्या बनवायचं दुकान होतं. माझ्या बाबांना त्या कामाची गोडी कधी लागली नाही. ठोकाठोकी सुरू झाली की ते पुस्तक घेऊन गच्चीवर जायचे. आत्या मात्र शाळेतून आली की दप्तर एका कोपऱ्यात आणि स्वतः ऐरणीपाशी. शेवटी दुकान तिच्याकडेच आलं. खाली दुकान, वर घर. लग्नानंतरही ती तिथेच राहिली, नवराच इकडे राहायला आला.

हा नवरा, म्हणजे आमचे आतोबा, एका कारखान्यात टर्नर होते. आयुष्यभर लेथवर उभे. आत्या बोलते ते ठोकून, आतोबा बोलतात ते कानस मारून, गुळगुळीत आणि मोजकं. दोघांचं कसं जमलं हे कुणाला कळलं नाही, पण चांगलं जमलं. एक मुलगी झाली, ती माझी आतेबहीण. तिचं लग्न होऊन तिलाही मुलगी झाली.

नोकरीतून मोकळे झाल्यावर आतोबांनी एक नाद लावून घेतला. गावातल्या बागेत एका बाजूला छोटे रूळ टाकलेले आहेत. हौशी माणसांचं एक मंडळ तिथे सुटीच्या दिवशी वाफेवर चालणारी छोटी इंजिनं चालवतं. इंजिन एवढंसंच, कुशीत घेता येईल असं, पण खरंखुरं. आत कोळसा पेटतो, पाण्याची वाफ होते, मागे जोडलेल्या गाड्यावर माणसं पाय पसरून बसतात आणि ते इंजिन त्यांना ओढत नेतं. आतोबांनी नातीला एकदा तिथे नेलं आणि घरी येऊन म्हणाले, "मी एक करणार." मग चाकं, दट्ट्या, खालची चौकट, सगळं त्यांनी दुकानातल्या कोपऱ्यात आपल्या जुन्या लेथवर घडवलं. राहिला होता फक्त बॉयलर.

तेवढ्यात त्यांच्या छातीत दुखलं. हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. ते चांगलं पार पडलं. डॉक्टर म्हणाले, जड उचलू नका, बाकी हिंडा, फिरा, कामही करा. पण आतोबा वरच्या खिडकीपाशी जे बसले ते बसलेच. दुकानात उतरेनात. अर्धवट इंजिनावर त्यांनी एक जुनी चादर टाकायला सांगितली होती. आत्याला ती चादर बघवेना.

"कुणीतरी मेल्यासारखं काय झाकून ठेवलंय," असं म्हणून तिनं एक दिवस ती ओढून काढली, धुवायला टाकली आणि वर जाऊन नवऱ्याला सांगितलं, "बॉयलर मी करते."

"कर," आतोबा म्हणाले. मानही वळवली नाही.

तांब्याचं काम आत्याच्या हाताखालचं, पण बॉयलर हे प्रकरण निराळं. पुढे एक नळकांडं, त्यात पाणी. मागे विस्तवाची पेटी. ती पेटी दुसऱ्या मोठ्या पेटीत बसवलेली, आणि दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पुन्हा पाणी. विस्तवाचा धूर पाण्यातून आरपार गेलेल्या नळ्यांमधून पुढे जातो. प्रत्येक टोकाला तांब्याचा जाड पत्रा लागतो, आणि त्याची कड डब्याच्या झाकणासारखी सगळीकडून वळवलेली असावी लागते. कड नीट वळली तरच ती दुसऱ्या पत्र्याला अंगभर चिकटते.

आत्यानं आधी लोखंडाचे साचे कापले, त्यांच्या कडा कानशीनं गोल केल्या. मग तांब्याचा तुकडा विस्तवावर लालसर होईपर्यंत तापवायचा आणि थेट पाण्यात बुडवायचा. तांबं असं केलं की मऊ पडतं. इतकं मऊ, की पहिल्या ठोक्याला कड नुसती झुकते. लाकडी हातोड्यानं थोडं इकडे, थोडं तिकडे असं फिरत राहायचं. एकाच जागी जोर लावला तर तिथे सुरकुती पडते आणि सुरकुती पडलेला पत्रा भंगारात. ठोके बसत जातात तसं तांबं पुन्हा कडक होतं, मग पुन्हा तापवायचं, पुन्हा बुडवायचं. सगळ्यात अवघड मागचा पत्रा. त्याला वर गोलाई, खाली चौकोन, आणि मध्ये कोळसा टाकायच्या दाराचं भोक.

त्या पत्र्याच्या वेळी मी दुकानात होते. मी शेजारीच राहते, तिची बिलं, हिशेब मीच बघते. आत्या कोपऱ्यावर ठोकत होती आणि तंद्रीत जरा जास्तच ठोकत होती. अचानक जिन्यातून आवाज आला.

"थांब! तापव आता. ओरडतंय ते."

आतोबा जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे होते, कठडा धरून. वर बसल्या बसल्या त्यांना आवाजावरून कळलं होतं. मऊ तांबं थप्प वाजतं, कडक झालं की टण्ण. आत्यानं हातोडा थांबवला. पत्र्याच्या कोपऱ्यावर केसाएवढी रेघ उमटायच्या बेतात होती.

"वरून काय उंटावरून शेळ्या हाकताय?" ती म्हणाली. "कान आहेत तर खाली घेऊन या."

आतोबा आले. स्टुलावर बसले. आत्या ठोकायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. "आता," म्हणाले की तापवायचं. दुसऱ्या दिवशीही आले. मग रोजच येऊ लागले. आत्यानं त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, फक्त त्या स्टुलावर उशी आणून ठेवली.

पत्रे तयार झाले, नळ्या बसल्या. आतली पेटी आणि बाहेरची पेटी यांना एकमेकींशी धरून ठेवायला तांब्याच्या बारीक कांड्या लागतात. वाफेचा दाब वाढला की भिंती फुगायला बघतात, त्यांना या कांड्या आवरतात. अशा कितीतरी कांड्या आत्यानं भोकांतून घातल्या, वितळलेली चांदी सांध्यात नीट पळावी म्हणून टाकणखार लावला आणि गॅसच्या ज्योतीनं तापवून चांदीचा डाख दिला. डाख पाण्यासारखा पळाला, प्रत्येक कांडीभोवती चमकदार कडी उमटली. आम्ही सगळ्यांनी वा वा केलं. नातीचा वाढदिवस जवळ आला होता. त्या दिवशी बागेत इंजिन चालवायचं आणि पहिल्या फेरीला आजोबांच्या मागे तिला बसवायचं, असं ठरलं.

पण मंडळाचा नियम होता, बॉयलरची पाणदाब चाचणी झाल्याशिवाय इंजिन रुळावर नाही. आणि मंडळाच्या वतीनं चाचणी घेणारा माणूस होता आत्याचा व्याही.

हे व्याही म्हणजे माझ्या आतेबहिणीचे सासरे. आयुष्यभर मोठमोठ्या कारखान्यांतले बॉयलर तपासण्याची नोकरी केलेला माणूस. घरात आणि बाहेर सगळे त्यांना साहेब म्हणतात. शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. लग्नातही त्यांनी मंडपाच्या दोऱ्या ओढून बघितल्या होत्या.

रविवारी सकाळी साहेब हातपंप आणि दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ घेऊन दुकानात आले. बॉयलर काठोकाठ पाण्यानं भरला, आत हवेचा बुडबुडा राहू दिला नाही.

"वाफेनं तपासायचा नाही," त्यांनी मला समजावलं. "वाफ फुटली तर माणसं जातात. पाणी फुटलं तर फक्त फरशी ओली होते."

त्यांनी पंप हलवला. काटा चढत चढत नेहमीच्या दाबाच्या दुप्पट गेला, थांबला. आत्यानं माझ्याकडे बघून भुवई उडवली. मग काटा हळूच खाली यायला लागला.

"बूच गळत असेल," आत्या म्हणाली. बूच काढून, त्याला टेप गुंडाळून पुन्हा बसवलं. काटा पुन्हा वर गेला आणि पुन्हा उतरला. पंपाचा सांधा घट्ट केला. तरी तेच. मग साहेब गुडघ्यावर बसले, विस्तवाच्या पेटीत बारीक आरसा धरला आणि आत दिवा सोडला. मग त्यांनी आत्याला बोलावलं. एका कांडीच्या टोकाशी पाण्याचा थेंब जमला होता. साहेबांनी बोटानं टिपला, तिथे दुसरा आला.

"विहीणबाई, हा पास होत नाही."

"एक थेंब आहे हो."

"थेंब आहे म्हणूनच म्हणतो."

"माझ्या टाक्या अर्ध्या गावात लागल्यात. अजून एक फुटली नाही."

"टाकीत पाणी तापतं. यात वाफ कोंडणार आहे. आणि मागे आपली नात बसणार आहे."

"म्हणजे माझी नात नाही का ती? मी काय तिच्या जिवावर उठलेय?"

माझी आतेबहीण मध्ये पडली. "बाबा," ती सासऱ्यांना म्हणाली, "त्या थेंबावर वरून थोडा डाख दिला तर? परवा वाढदिवस आहे हो."

साहेबांनी सुनेकडे बघितलं. त्यांनाही ते सोपं जात नव्हतं, कपाळाला घाम आला होता. पण मान नाहीच हलली. "ती एक कांडी का गळते ते कळल्याशिवाय नाही," ते म्हणाले आणि पंप सोडवायला लागले.

आतोबा स्टुलावरून उठले. "राहू दे," ते म्हणाले. "झालं तेवढं पुष्कळ झालं." आणि जिना चढून वर गेले.

आत्याला हेच लागलं. थेंबाचं तिला एवढं काही नव्हतं. एवढ्या मिनतवारीनं खाली आणलेला माणूस पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसला, आणि तेही कुणामुळे, तर व्याह्यांमुळे. लग्नात कुणी कुणावर रुसलं नव्हतं, ती हौस आता फिटली. वाढदिवसाला सगळे जमले, पण आत्या साहेबांशी फक्त "पाणी देऊ का" एवढंच बोलली, तेही दाराकडे बघत. नातीला इंजिन नाही मिळालं त्याचं काहीच वाटलं नाही. तिला रंगाची पेटी मिळाली होती, आणि ती साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर फूल काढण्यात गुंग होती.

नंतर काही दिवसांनी मी दुकानात गेले तर आत्या पालथ्या डब्यावर बसलेली. समोर बॉयलर उलटा करून शिकंज्यात धरलेला. हातात पक्कड. तिचा चेहरा पार उतरलेला. मला वाटलं, आतोबांना काही झालं.

"काय झालं गं?"

तिनं तळहात पुढे केला. त्यावर तांब्याची कांडी होती, पेन्सिलीपेक्षा बारीक. "ती गळकी धरून जरा ओढली," ती म्हणाली. "सुटून हातात आली. म्हणून तिच्या शेजारची ओढली."

"मग?"

"तीही आली. मग ओढत गेले, एकेक येत गेली."

तिनं मला कांडीचं टोक दाखवलं. अगदी कडेला चांदीची एक पातळ रेघ, नखाला रंग लावावा तशी. त्याच्या खाली काळं, कोरडं तांबं. डाख आत उतरलाच नव्हता.

"नुसता ओठाला लागलाय, घशाखाली गेलाच नाही," आत्या म्हणाली. "एवढं तांबं म्हणजे आग पिणारा राक्षस. एका ज्योतीनं काय होतंय! वर चमक आली, मला वाटलं झालं, मी थांबले. टाकीला ते चाललं असतं." तिनं कांडी बॉयलरपाशी ठेवली. मग म्हणाली, "वाफ भरली असती ना, तर ही अख्खी बाजू आत बसली असती. आणि विस्तवाच्या दारातून सगळं मागे आलं असतं. मागे हे बसणार होते. त्यांच्या मागे ती."

मी तिच्याजवळ बसले. मग ती एकदम हसायला लागली, डोळ्यांत पाणी आणि हसू दोन्ही.

"बरं झालं गं बाई! बरं झालं त्या खडूस माणसानं माझं ऐकलं नाही. ऐकलं असतं तर मी काय केलं असतं?"

तिनं हात धुतले, कांड्या रुमालात बांधल्या आणि मला घेऊन तडक व्याह्यांच्या घरी निघाली.

साहेब पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. आत्याला दारात बघून त्यांनी आधी शर्टाचं बटण चाचपलं. आत्यानं रुमाल उलगडून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, एकेक कांडी उचलून उजेडात धरली. त्यांचा रंग उडाला.

"इतक्या?"

"ओढल्या तेवढ्या आल्या."

साहेबांनी खुर्चीला पाठ टेकली आणि छातीतला सगळा श्वास सोडला. "विहीणबाई, तुम्हाला सांगतो, मला वाटलं होतं एखादीच असेल. घरी येऊन मीच स्वतःला म्हणत होतो, एका थेंबासाठी केवढं घर दुखावलंस. सून रोज चहाचा कप माझ्यापुढे आपटून ठेवते. मुलगा बोलत नाही. काल तर ठरवलं होतं, फोन करून सांगावं, द्या वरून डाख."

"खबरदार!" आत्या म्हणाली. "कान टोचावेत ते सोनारानंच. टोचलेत तुम्ही, ते बुजवू नका." मग म्हणाली, "मी फार बोलले तुम्हाला."

"कुठे बोललात? बोलतच नव्हता. तोच तर त्रास होता."

आतून माझी आतेबहीण कप घेऊन आली. तिनं दोघांची तोंडं बघितली, रुमालातल्या कांड्या बघितल्या, आणि तो कप इतक्या अलगद ठेवला की साहेबांना हसू आवरेना.

आत्यानं तो बॉयलर मोडला. साचे तेच, तांबं नवं. या वेळी दोन ज्योती लागणार होत्या, एक बाहेरून आणि एक पेटीच्या आतून, म्हणजे सगळं तांबं एकदम तापेल. दुसरी ज्योत धरायला साहेब आले. आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेले बॉयलर तपासले, स्वतः कधी एक सांधा जोडला नव्हता. आत्या त्यांना आधी टाकाऊ तुकड्यावर शिकवायला लागली आणि दुकान दणाणून गेलं.

"साहेब, हात हलवा! एका जागी धरलीत तर भोक पडेल!"

"हलवतोय ना!"

"ते हलवणं नव्हे, थरथरणं आहे!"

एवढा गलका झाल्यावर वरती कोण बसून राहणार? आतोबा जिना उतरून आले. त्यांनी नव्या कांड्यांपैकी एक उचलली, बोटांत फिरवली आणि म्हणाले, "या नुसत्या घालू नका. यांना आटे पाडू. स्क्रूसारख्या फिरवून बसवू, मग डाख द्या. म्हणजे डाख थोडा कमी पडला तरी आटे धरून ठेवतील."

आत्यानं ज्योत बंद केली.

"हे पहिल्या वेळी का नाही सुचलं तुम्हाला?" आत्यानं विचारलं.

"तू विचारलं कुठे? तू ऐकायला बसवलं होतंस."

लेथवरचं धूळ बसलेलं फडकं त्यांनी स्वतः काढलं. मग सकाळी ते कांड्यांना आटे पाडायचे, दुपारी डुलकी काढायचे, संध्याकाळी पुन्हा लेथवर. गालावर रंग आला. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, औषध बदललं का? आत्या म्हणाली, तांबं चालू केलंय.

डाख देताना या वेळी कुणी चमकेवर विश्वास ठेवला नाही. बाहेरून दिलेला डाख आतल्या बाजूला कडी धरून उमटला की आतोबा आरशात बघून "आला" म्हणायचे, मगच आत्या पुढच्या कांडीकडे वळायची.

दुसऱ्या चाचणीला सगळे दुकानात जमले. नातीला मुद्दाम शेजारच्या घरी ठेवलं होतं, पाण्यानं काही होत नाही हे माहीत असूनही. साहेबांनी पंप हलवला. काटा वर चढला, दुप्पट दाबावर जाऊन उभा राहिला. आम्ही त्याच्याकडे बघत बसलो. साहेब आरसा घेऊन खाली वाकले, पेटीच्या चारी बाजू बघितल्या, नळ्यांची टोकं बघितली, कोरड्या बोटानं प्रत्येक सांधा चाचपला आणि बोट उजेडात धरलं. कोरडं.

"पास," ते म्हणाले.

"आणखी थोडा वेळ राहू द्या," आत्या म्हणाली.

"विहीणबाई, नियमापेक्षा जास्त झालाय वेळ."

"माझ्यासाठी राहू द्या."

राहू दिला. काटा हलला नाही. शेवटी आतोबांनीच पुढे होऊन दाब सोडला, फुर्र करून पाण्याची चिळकांडी साहेबांच्या शर्टावर उडाली आणि आत्याचा जीव भांड्यात पडला. ती मटकन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "कुणीतरी चहा करा गं." माझी आतेबहीण सासऱ्यांचा शर्ट पुसत होती आणि साहेब, तो कडक माणूस, म्हणत होते, "असू दे, असू दे, पाणीच आहे."

पुढच्या सुटीला इंजिन बागेत नेलं. साहेबांनी सुरुवातीला जादा वाफ सोडणारी झडप वेळेवर उघडते ना ते तपासलं, तिनं शिट्टीसारखा आवाज करत वाफ सोडली तेव्हा आसपासची पोरंटोरं धावत आली. आतोबा पुढच्या गाड्यावर बसले, टोपी उलटी घालून. त्यांच्या मागे नात, दोन्ही हातांनी त्यांचा शर्ट धरून. तिच्या मागे साहेब, गुडघे कानाशी आलेले. इंजिन एकदा अडखळलं, मग खुक् खुक् करत निघालं. पहिल्या वळणावर नात "आजोबा, जोरात!" असं ओरडली. दोन्ही आजोबांनी एकदम "नाही!" म्हटलं.

मी त्यांच्याकडे बघण्यात दंग होते. मागे वळून आत्याला म्हणाले, बघ ना कसं चाललंय. आत्या बाकावर बसल्या बसल्या झोपली होती. मान एका बाजूला कललेली, तोंड अर्धवट उघडं, काळवंडलेले हात मांडीवर पसरलेले. इंजिन समोरून गेलं, शिट्टी झाली, तरी जाग आली नाही. माझी आतेबहीण तिला उठवायला वाकली. मी खूण करून तिला थांबवलं. मग आम्ही दोघी आत्याच्या दोन बाजूंना सावली धरून बसलो आणि त्यांच्या फेऱ्या चालूच राहिल्या.